काहील, होडी आणि आक्का

माझं गाव पारनेर तालुक्यातलं. गावाला नदी नाही. एक ओढा होता, तो पावसाळ्यात चार दिवस वाहायचा आणि उरलेलं वर्ष आम्हा पोरांना गोट्या खेळायला मोकळा असायचा. पोहायला मी शिकलो तो विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, तेवढंही शिकली नाही. मुलींनी काठावरून घागर ओढायची आणि उड्या मारायच्या त्या मुलांनी, अशी आमच्याकडची वाटणी होती. आणि अशा आक्काला दिली कुठं, तर कोपरगावच्या खाली, ऐन गोदावरीच्या काठावर. दाराच्या पायरीवरून नदी दिसायची. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा ती म्हणाली होती, तिकडं पाणी इतकं आहे की नुसतं बघूनच तहान भागते.

सत्तर सालच्या पुढची पहिलीच वर्षं ती. मी नुकता मास्तर झालो होतो आणि नेमणूक नेमकी आक्काच्या सासरी मिळाली. दुसरीकडं कुठं राहायचा प्रश्नच नव्हता. घरात आक्का, दाजी, त्यांची लहान मुलगी आणि मी. नदीकाठी राहूनही मी अर्ध्या बादलीत आंघोळ उरकतो म्हणून दाजींची हसून पुरेवाट व्हायची. आंघोळ झाली की मी पाणी उरवून ठेवायचो, तेही त्यांनी अख्ख्या गावाला सांगितलं होतं. मग एक दिवस हाताला धरून ते मला नदीत घेऊन गेले. विहिरीतलं पोहणं वेगळं, वाहत्या पाण्यातलं वेगळं. ते मला त्यांनी शिकवलं. धारेशी भांडायचं नाही, तिरपं कापत जायचं. मला थोरला भाऊ नव्हता. दाजी मिळाले तेव्हा ती जागा भरली असं मला मनापासून वाटलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते परक्या माणसानं केलं असतं तर मी आज ते लिहीत बसलो नसतो.

गावाजवळ पूल नव्हता. पूल कोपरगावला, म्हणजे पलीकडच्या रानात जायचं तर केवढा तरी उलटा फेरा. आणि पलीकडं तर सगळ्यांचा ऊस. सगळ्यात जास्त ऊस गुऱ्हाळाच्या मालकांचा, त्याला लागून थोडा दाजींचा. मग गाव नदी ओलांडायचं काहिलीतून. काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस उकळायची लोखंडी कढई. आठ-दहा माणसं मांडी घालून बसतील एवढी मोठी, बूड सपाट, काठ हातभर उंच, उचलायला दोन बाजूंना कड्या. हिवाळ्यात तिच्यात गूळ व्हायचा. गुऱ्हाळ थंडावलं की पावसाळाभर तिला काम नसायचं, म्हणून ती नदीत लोटायची. खुरपणीच्या बाया, खताची पोती, कधी एखादं वासरू, सगळं तिच्यातून पलीकडं जायचं. दोन गडी दोन बाजूंना बसून फळकुटांनी पाणी मारायचे. गोल वस्तूला पुढं काय आणि मागं काय, त्यामुळं ती सरळ कधीच जायची नाही. गरगर फिरत, वाहत, पैलतीराला कुठंतरी लागायची. बायांना जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखी मौज वाटायची. मला नाही वाटायची. पण मी पडलो पारनेरकर, पाण्याच्या बाबतीत माझं कोण ऐकून घेणार.

त्या पावसाळ्यात एका सकाळी नदीला पाणी चढत होतं. मालकांना खुरपणी उरकायची घाई होती, म्हणून नेहमीपेक्षा जास्त बाया भरल्या. दाजी पहाटेच पोहून पलीकडं गेले होते. त्यांची भाकरी घेऊन आक्काही काहिलीत बसली. मी शाळेत होतो. पोरं ओरडत आली तसा उपरणं टाकून धावलो.

काठावर पोचलो तेव्हा काहील दिसतच नव्हती. लोखंडच ते, काठावरून पाणी आत आलं की थेट तळाला. पैलतीराच्या अलीकडं पाण्याखाली एक मोठा खडक आहे, त्याला ती थडकली होती. बाकीच्या बाया त्याच खडकावर कमरेएवढ्या पाण्यात एकमेकींना घट्ट धरून उभ्या होत्या आणि रडत होत्या. आक्का दुसऱ्या अंगाला पडली होती, धारेत. वाहत आलेल्या बाभळीच्या फांदीला तिनं धरलं होतं. दाजींनी पलीकडून उडी टाकली होती, पण ते पार वरच्या बाजूला राहिले होते. आमच्या काठावर दुसरी एक जुनी काहील होती, ती दोघांनी लोटली. ते गेलेही तिच्यापर्यंत. एक जण वाकून हात पुढं करायचा, तेवढ्यात काहील फिरायची आणि आक्काच्या समोर त्याची पाठ यायची. मग दुसरा हात करायचा, पुन्हा फिरायची. मी काठावरून धावत खाली खाली चाललो होतो आणि ओरडत होतो, काय ओरडत होतो ते आठवत नाही. काहील आणखी एकदा फिरून समोर आली तेव्हा फांदी होती, आक्का नव्हती.

ती दुसऱ्या दिवशी खाली पुणतांब्याच्या अंगाला सापडली. तिथल्या भोयांनी काढली. मी आणि दाजी तिथं काठावर उभे होतो. दोघंच माणसं, त्यांची एक अरुंद, हलकी होडी, मासे धरायची. ती त्यांनी आक्काच्या जवळ नेली आणि शेपटाची बाजू तिच्याकडं वळवली. मग एकानं वल्हं आडवं धरून होडी जागच्या जागी ठेवली आणि दुसऱ्यानं तिला मागून अलगद आत घेतली. होडी हललीसुद्धा नाही. एवढं सोपं होतं ते. माझ्या डोळ्यांतलं पाणी तिथंच आटलं आणि त्या जागी राग आला. तो राग अजून आहे. आक्काच्या गावाला नदी होती, पोहणारे होते, हिंमत होती, आणि बुडत्या माणसाला काढायला गूळ करायची कढई होती.

दहाव्याला सगळं गाव जमलं होतं. सरपंच सगळ्यांसमक्ष म्हणाले की असं पुन्हा होता कामा नये, बुडणाऱ्याला काढायला काय साधन पाहिजे ते तुम्ही दोघं निवडा, गाव ते करून घेईल. आम्ही दोघं म्हणजे दाजी आणि मी. दाजी गावातले सगळ्यात चांगले पोहणारे, आणि मी शिकलेला. गुऱ्हाळाचे मालकही मान हलवून हो म्हणाले. तेव्हा त्यांना नाही म्हणायला तोंड नव्हतं. जास्त बाया कुणी भरल्या हे गावात हळू आवाजात सगळे बोलत होते.

दिवाळीनंतर नदी निवळली आणि आम्ही कामाला लागलो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात दुःखाचा हिवाळा तो, आणि सांगायला विचित्र वाटतं, पण दाजींच्या इतका जवळ मी कधीच नव्हतो. सकाळी आम्ही दोघं पुरुष भाकरी थापायचो. माझ्या भाकरीला कोपरे असायचे, त्यांची मधेच फाटायची, आणि भाची दोन्हींना नावं ठेवायची. शाळा सुटली की नदीवर. आमची परीक्षा घ्यायची पद्धत अशी होती की एकानं बुडालेला माणूस व्हायचं. अंग सैल सोडून पाण्यात पडून राहायचं, हातपाय हलवायचे नाहीत, मदत करायची नाही. दुसऱ्यानं त्याला बाहेर काढायचा.

भोपळ्यांची सांगड आधी आणून पाहिली. वाळलेले मोठे भोपळे जाळ्यात बांधलेले. उचलायला फुलासारखी, एकटा माणूस खांद्यावर टाकून धावत जाईल. पण तिच्यावर आपणच अर्धे पाण्यात, दुसऱ्याला ठेवायचा कुठं? जायला चांगली, घेऊन यायला नाही. शिवाय दाजी जड अंगाचे. त्यांना वर ओढता ओढता दोन भोपळे फुटले आणि आम्ही दोघंही बुडालेली माणसं झालो. आक्का गेल्यानंतर दाजी त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

मग कोपरगावहून ट्रकची ट्यूब आणली. तरंगायला नंबर एक. पण आमच्या काठाला बाभळीचं बन. नदीपर्यंत लोटत नेईतो तिच्यात काटा शिरायचा, आणि हवा भरायचं दुकान कोपरगावात. बुडणारा माणूस थांबेल का पंक्चर काढून येईपर्यंत? पुणतांब्याच्या घाटावर यात्रेकरूंना फिरवणारी मोठी नाव होती, तीही जाऊन पाहिली. ती पाण्यात ढकलायलाच दहा माणसं लागायची. घाट असेल तिथं ती ठीक, आमच्या चिखलाच्या काठावर जागची हललीच नसती. आणि काठावरची ती जुनी काहीलही आम्ही प्रामाणिकपणे तपासली. मी बुडालेला झालो आणि दाजींनी मला काठावरून आत ओढलं, तशी ती एका अंगाला कलली आणि भसकन पाणी आत आलं. दाजींनी कसंबसं सावरलं. ते मला म्हणाले, "मास्तर, ही पुन्ना न्हाई."

शेवटी भोयांची ती अरुंद होडी चार दिवस मागून आणली. त्यांनी हसत हसत दिली. मास्तर मासे धरणार काय, म्हणून विचारलं. दोघांनी डोक्यावर घेऊन चालता येईल एवढी हलकी. एक वल्हं पुढं, एक मागं, की सरळ जायची. माणूस बाजूनं ओढला तर तीही कलायची, पण शेपटाकडून ओढला की नाही. आणि ओढायची रीतही आम्हाला त्या चार दिवसांत सापडली. बुडणाऱ्याची पाठ होडीकडं करायची, काखेत हात घालायचे, त्याला एकदा थोडं खाली दाबायचं आणि पाणीच त्याला वर उचलतं त्या क्षणी ओढायचं. किती वेळा मी दाजींना तसं ओढलं आणि त्यांनी मला. डोळे मिटून, अंग सैल टाकून, दुसऱ्याच्या हातांवर सगळा भार सोडून द्यायचा. असा विश्वास माणूस सहसा कुणावर टाकत नाही.

त्यातल्याच एका संध्याकाळी, अंग पुसत वाळूत बसलो असताना, दाजी आपण होऊन बोलले. त्या सकाळचं मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. काहिलीतली प्रत्येक बाई वेगळंच सांगत होती, कुणी म्हणे आक्का उठून उभी राहिली म्हणून काहील कलली, कुणी म्हणे नाही, आणि त्या सगळ्या मालकांच्या रानात खुरपणाऱ्या, गडीही मालकांचेच. समोरून बघणारे एकटे दाजी होते.

"ती उठली न्हाई, मास्तर," ते म्हणाले. "मी पलीकडनं सोत्ता बघत हुतो. मांडीव भाकरीचं गठुडं, दोन्ही हातांनी काठ धरलेला. बाया लई हुत्या, पानी काठाला टेकलं हुतं. खडकावर आपटली आन् ती बसल्या जागी पान्यात गेली."

मग त्यांना रडू आलं आणि मलाही. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बसल्या जागी गेली, एवढ्या शब्दांनी मला का बरं वाटावं? पण वाटलं. पारनेरची पोर, पाण्याची माहिती नाही, तरी सांगितलं तशी बसून राहिली. चूक तिची नव्हती. हे मी मनात घडी घालून ठेवून दिलं.

आम्ही पंचायतीला सांगितलं की अशी होडी पाहिजे, शेपूट थोडं रुंद आणि बुटकं, म्हणजे माणूस आत घ्यायला सोपं. गावातल्या सुताराला सांगितलं गेलं. उन्हाळा लागेपर्यंत त्याच्या अंगणात होडीचा सांगाडा उभा राहिला, बुडाच्या फळ्या बसल्या, डांबर तेवढं लावायचं राहिलं होतं. मी शाळेतून येता-जाता तिच्या काठावरून हात फिरवायचो.

त्याच सुमारास दाजींना सोयरीक सांगून आली. मुलगी गुऱ्हाळाच्या मालकांची पुतणी. दाजींनी मला विचारलं, आणि मी हो म्हणालो. यात खोटं काही नाही. घरात लहान पोर, दोन पुरुषांच्या हातची भाकरी, किती दिवस चालणार? आक्काच्या जागी कुणी येणार याचं दुःख झालं, पण राग आला नाही. राग यायचं कारण पुढं होतं.

लग्नाआधी थोडे दिवस गावाची सभा भरली, मारुतीच्या देवळापुढं. होडी पुरी करायची आणि काहील नदीत घालणं बंद करायचं, अशा दोन गोष्टी ठरायच्या होत्या. माझ्या दृष्टीनं ठरलेल्याच होत्या, नुसतं हो म्हणायचं बाकी होतं. मी उठून सगळं सांगितलं. भोपळे, ट्यूब, नाव, काहील, प्रत्येकाचं काय झालं ते. लोक हसले, ऐकलं. मग मालक उठले. शांतपणे म्हणाले की काहील आजची नाही, वाडवडलांपासून नदीत चालते. बसणारा नीट बसला तर ती कुणाला बुडवत नाही. त्या दिवशी नेमकं काय झालं हे ज्यानं डोळ्यांनी बघितलं त्यालाच विचारा, म्हणजे काहिलीवर उगाच आळ नको.

सरपंचांनी दाजींकडं बघितलं. मीही बघितलं, आणि मला जरासुद्धा धाकधूक नव्हती. उलट बरं वाटलं की आता ते सांगतील आणि विषय मिटेल.

दाजी उभे राहिले. हातातली टोपी त्यांनी एकदा झटकली आणि डोक्यावर घातली. "ती उठली हुती," ते म्हणाले. "उभी राह्यली, म्हनून काहील कलली."

मला वाटलं ते दुसऱ्या कुणाबद्दल बोलतात. खरंच क्षणभर तसं वाटलं. मग मी उठून विचारलं की दाजी, वाळूत बसून तुम्ही मला काय सांगितलं होतं? माझा आवाज चढला होता. ते माझ्याकडं न बघता, अगदी समजुतीनं बोलले, की दुःखात माणूस काहीही बोलतो, खरं ते मी आज बोललो. सभेत चुकचुकल्याचा आवाज झाला. तो माझ्यासाठी होता. बिचारा मास्तर, बहीण गेली, डोकं ठिकाणावर नाही.

मग काय राहिलं? बाई उभी राहिली म्हणून बुडाली, तर काहिलीचा दोष नाही. काहिलीचा दोष नाही, तर होडी कशाला. बायांनी बसून राहावं, एवढं ठरलं आणि सभा उठली.

घराकडं येताना मी त्यांना रस्त्यात गाठलं. मला भांडायचं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं की दाजी, का? ते चालता चालताच म्हणाले, "मेलेलीला काय फरक पडतो, मास्तर? जित्यांना ऱ्हायचं हाय हितं."

मी त्याच आठवड्यात शाळेजवळ एक खोली घेतली. बदली मागून पारनेरकडं निघून जावं असं फार वाटलं. पण भाची होती. ती शाळेत माझ्याच वर्गात येऊन बसायची, वय नव्हतं तरी. तिला टाकून जाववलं नाही.

त्या साली पाऊस आलाच नाही. बहात्तरचा दुष्काळ. आमच्याकडं कालवा होता, म्हणून माणसं जगली, पण नदी आटली. होडीची गोष्ट मग लोक हसण्यावारी नेऊ लागले. मास्तर, होडी वाळूत चालवणार काय, म्हणून मला विचारायचे. सुताराचं अंगण मोकळं व्हायला हवं होतं. एक दिवस बघतो तर होडी गुऱ्हाळाच्या मालकांच्या गोठ्यात. तिच्यात उसाचं वाढं टाकलं होतं आणि बैल त्यात तोंड घालून खात होते. शेपूट रुंद आणि बुटकं केलं होतं ना, ते बैलांच्या मानेला अगदी बेताचं झालं होतं. गव्हाण म्हणून इतकी चांगली होडी मी दुसरी पाहिली नाही.

आणि नदीतला तो खडक उघडा पडला. पाण्याखाली असताना त्याची नुसती जागा माहीत होती. आता तो पुरुषभर उंच, कोरडा, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभा होता. नदी पायी ओलांडणारी माणसं त्याच्या सावलीत बसायची, बिडी ओढायची. त्याच्यावर हात टेकून मला सांगायची की मास्तर, बहीण तुमची उगाच उठली हो. एकदा दाजी बैल घेऊन त्याच्याजवळून गेले. मी खडकापाशीच उभा होतो. त्यांनी बैलांना पलीकडच्या अंगानं हाकललं आणि खडकाला मोठा वळसा घालून गेले. तेव्हा मला कळलं की ते काही विसरलेले नाहीत. विसरले असते तर मी कदाचित माफ केलं असतं.

त्यांची नवी बायको भली होती, हे सांगायलाच हवं. गळ्यात तिनं सवतीचा टाक घातला होता. आधीच्या बायकोची आठवण म्हणून दुसरीनं घालायचा तो चांदीचा छोटा टाक. रोज सकाळी ती त्याला पाणी लावायची, कुंकू लावायची, मगच चहा घ्यायची. भाचीला तिनं पोटच्यासारखं धरलं. मी गेलो की ती डोक्यावरचा पदर सारखा करून मला भाऊ म्हणायची. आक्काचा मान त्या घरात ठेवला जात होता, सकाळ-संध्याकाळ, कुंकू लावून. फक्त खरं तेवढं ठेवलं जात नव्हतं.

पुढल्या वर्षी पाऊस झाला. नदी भरून वाहायला लागली, खडक पाण्याखाली गेला आणि काहील पुन्हा नदीत उतरली. तिच्यावर तेच गडी, तीच फळकुटं. मी सकाळी काठावर तोंड धूत होतो. बाया चढत होत्या, हसत होत्या. फळकूट हातात घेता घेता एक गडी म्हणाला, "बसून ऱ्हावा गं बायांनो. मास्तरच्या भनीवानी उठू नका."

कुणी दचकलं नाही. म्हणजे तो रोजच म्हणत असणार. बाया चटकन खाली बसल्या, काठ घट्ट धरले, आणि काहील निघाली. माझ्या बहिणीनं त्या काहिलीत जे केलंच नव्हतं, नेमकं तेच गावानं तिच्या नावावर मांडून ठेवलं होतं, आणि ते आता गावाच्या रोजच्या कामाला येत होतं. मी तोंड तसंच ओलं ठेवून उठलो आणि तडक दाजींच्या घरी गेलो. काय बोलणार होतो ते माझं मलाच माहीत नव्हतं, पण आज काहीतरी तुटणार एवढं माहीत होतं.

दाजी ओट्यावर बसून दोर वळत होते. त्यांची बायको आत चुलीपाशी होती. अंगणात भाची खेळत होती. तिनं आईची, म्हणजे आक्काचीच, पितळी परात घेतली होती आणि तिच्यात चिंध्यांची बाहुली बसवली होती. परात ती जमिनीवर गरगर फिरवत होती आणि बाहुलीला दटावत होती.

"गप बसून ऱ्हा. माझ्या आईवानी उठू नको, बुडशील."

मी तिथंच तिच्यापाशी खाली बसलो. राग कुठं गेला कुणास ठाऊक. मी तिला जवळ घेऊन सांगितलं की बाळा, तुझी आई उठली नव्हती. तिनं काठ दोन्ही हातांनी धरला होता. ती बसल्या जागी होती.

भाचीनं माझ्याकडं बघितलं. मामा मास्तर, शाळेत शिकवतो, खोटं बोलणार नाही, असं तिच्या डोळ्यांत होतं. पण ते तिनं बघितलेलं नव्हतं, आणि ज्यानं बघितलं होतं तो समोर ओट्यावर बसला होता. तिनं वळून बापाला विचारलं, "दादा, खरं व्हय?"

दाजींचे हात थांबले. मी त्यांच्याकडं बघत होतो. डोळे मिटून, अंग सैल टाकून ज्या हातांवर मी सगळा भार सोडत असे, तेच ते हात. मला अजूनही आशा होती. सभेत नाही बोलले, गावात नाही बोलले, पण इथं अंगणात, या पोरीला तरी ते सांगतील. आतून चुलीचा आवाज येत होता. त्यांच्या बायकोनं दारात येऊन बघितलं, गळ्यातल्या टाकावर हात ठेवून.

"न्हाई," दाजी दोराकडं बघत म्हणाले. "उठली हुती."

भाचीनं मान हलवली. माझ्या हातातून सुटून ती परातीपाशी गेली, बाहुलीला दोन्ही हातांनी खाली दाबून नीट बसवलं आणि परात पुन्हा फिरवायला लागली.